बाजूचे बटण

वॉकी-टॉकी विकत घेणारा माणूस दोन प्रश्न विचारतो. पहिला, "किती लांब जातो?" हा तो दुकानात शिरता शिरता, मोठ्याने विचारतो. दुसरा तो चहा संपल्यावर, खुर्ची थोडी पुढे ओढून, आवाज उतरवून विचारतो: "कोणी ऐकतं का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी अठ्ठावीस वर्षे प्रामाणिकपणे देत आलो. उघड्या मैदानात इतका, पत्र्याच्या शेडमध्ये त्याच्या निम्मा, आणि यंत्रे चालू असतील तर देवाच्या हवाली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी कसे दिले, ते आज लिहितो आहे. संपादकांनी व्यवसायातले गमतीचे अनुभव मागितले होते. गमती आहेत, आणि त्या आधीच सांगून टाकतो. पुढचे सांगून झाल्यावर त्या सांगाव्याशा वाटणार नाहीत.

माझे वडील मूळचे डहाणूकडचे. सिल्वासात मराठी शाळेत मास्तर म्हणून आले आणि इथलेच झाले. मी किल्लवणी नाक्याजवळ दुकान टाकले. सुताचे कारखाने, प्लास्टिकचे कारखाने, हॉटेले, मंगल कार्यालये ही माझी गिऱ्हाइके. वासोण्यापासून सुरंगीपर्यंत जिथे म्हणून भिंत मोठी आणि माणसे विखुरलेली, तिथे कोणाच्या ना कोणाच्या कमरेला मी लावून दिलेला सेट लटकलेला असतो.

बाहेरच्या माणसाला वाटते की सेट खोक्यातून काढला, बटण दाबले, की झाले. तसे नसते. खोक्यातला सेट हा मुका प्राणी असतो. तो केबलने संगणकाला जोडून त्यात एक फाइल ओतावी लागते. कोणत्या चॅनेलवर बोलायचे, आवाज किती बारीक झाला म्हणजे सेटने गप्प बसायचे, वरचे बटण काय करील, बाजूचे बटण काय करील, हे सारे त्या फाइलमध्ये एकेका खान्यात भरायचे. एक सेट नीट भरला की तीच फाइल बाकीच्या सेटांत उतरवता येते. कामाचा सगळा वेग त्यात आहे, आणि माझे सगळे पापही त्यातच आहे.

एक खाना वेळेचा असतो. कोणी बोलायचे बटण सोडायला विसरले तर सगळ्यांचे बोलणे अडते, म्हणून साठ सेकंदांनंतर सेट आपोआप तोंड मिटतो. सुरुवातीच्या काळात मी तो खाना भरत नसे. मग एका कारखान्यात मुकादमाच्या खिशात बटण दाबले गेले, आणि त्याने कँटीनमध्ये बसून मालकाच्या चिक्कूपणाविषयी केलेले निरूपण गेटपासून बॉयलरपर्यंत सर्वांनी ऐकले. ऐकणाऱ्यांत मालकही होता. दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन आला. मी घाबरलो होतो; पण तो म्हणाला, "सावेभाई, ती सोय परत टाकता येईल का? फक्त त्याच्याच सेटमध्ये."

दुसरे एक गिऱ्हाईक म्हणजे एक मंडपवाला. सेट बंद असला तरी तो आपले ऐकतो, अशी त्याची खात्री. रोज संध्याकाळी तो सगळे सेट पत्र्याच्या डब्यात घालून झाकण लावी, वर पाटा ठेवी. मी त्याला म्हणालो, "अहो, बंद सेट कसा ऐकेल?" तो म्हणाला, "तुम्ही त्याच्या बाजूनेच बोलणार." त्या वेळी मी हसलो होतो. आता वाटते, आमच्या धंद्यातल्या माणसाकडे पाहावे कसे, हे त्या एका गिऱ्हाइकाला बरोबर कळले होते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो.

फाइलमध्ये एक खाना 'टोन'चा असतो. सेट बोलताना माणसाच्या आवाजाखाली एक बारीक गुणगुण मिसळतो. ती गुणगुण ओळखीची असली तरच समोरचा सेट तोंड उघडतो, नाहीतर गप्प राहतो. म्हणजे एकाच चॅनेलवर दोन कारखाने असले तरी दोघांना एकमेकांची कटकट ऐकू येत नाही. आता हे नीट समजून घ्या. टोन हे दाराचे कुलूप नव्हे. तो आपण आपल्याच कानात घातलेला कापूस आहे. दुसऱ्याने आपल्या कानातला कापूस काढला, तर तुमचे सगळे बोलणे त्याला स्वच्छ ऐकू जाते. आणि कापूस काढायला लागते एक बटण. सेटच्या बाजूला असते ते. दूरचा, क्षीण आवाज पकडता यावा म्हणून ते दिलेले असते. दाबून धरले की टोनची अट सुटते आणि चॅनेलवर जे असेल ते येऊ लागते.

हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होते. पण गिऱ्हाईक खुर्ची पुढे ओढून विचारी, "कोणी ऐकतं का?" आणि मी म्हणे, "टोन टाकून देतो. प्रायव्हेट लाइन." त्याचा चेहरा सैल होई. एका शब्दाने माणसाचा संशय जातो, हे पाहण्यात मोठे सुख असते. ते मी वर्षानुवर्षे घेतले.

गलोंड्याला सुताचा एक कारखाना होता. आजही आहे, नाव सांगत नाही. मॅनेजर भरतभाई. बारीक अंगाचे, बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून मागे पाहणारे. काही वर्षांपूर्वी सरकारने कमी ताकदीच्या सेटांसाठी थोडे चॅनेल विनापरवाना सर्वांना खुले केले, तेव्हा त्यांनी माझ्याकडून तसे सेट घेतले. तिथल्या माल-रवानगीचा सुपरवायझर होता सुपडू. चोपड्याकडचा, खानदेशी, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. सेट त्याच्याच हातात सर्वांत जास्त असे. 'बटण दाबा, अर्धा सेकंद थांबा, मग बोला. नाहीतर पहिला शब्द कापला जातो' हा माझा धडा मी शेकडो माणसांना दिला असेल. पाळणारा मी एकच पाहिला, तो हा.

त्याच कारखान्याच्या भिंतीला भिंत लावून दुसरा सुताचा कारखाना होता. काही महिन्यांनी त्यांनीही माझ्याकडूनच सेट घेतले. ऐन दसऱ्याच्या तोंडावर, दुसऱ्या दिवशी पूजेला सेट पाहिजेत म्हणून. मी घाईत भरतभाईंची फाइल उघडली, टोनचा आकडा बदलला आणि तीच फाइल सगळ्या सेटांत उतरवली. चॅनेल बदलायचा राहिला. बाजूचे बटणही तसेच राहिले, आवाज मोकळा करणारे. शेजाऱ्या-शेजाऱ्यांना एक चॅनेल कधी द्यायचा नाही, हा या धंद्याचा पहिला नियम. नियम मोडल्याचे मला कळलेसुद्धा नाही. पुढे भरतभाईंच्या माणसांनी तक्रार केली, की मधूनच आवाज तुटतो. मी न पाहताच सांगितले, "पत्र्याची शेड आहे, तुटणारच."

मग पुढच्या पावसाळ्यानंतर एके दिवशी भरतभाईंचे बोलावणे आले. केबिनचे दार त्यांनी स्वतः उठून लावले.

"जुओ सावेभाई, घरात उंदीर शिरला आहे. माझी गाडी गेटातून निघायच्या आत बाजूवाल्याचा फोन माझ्या पार्टीला जातो. दोन पैसे कमी भाव सांगतो. एक वेळ नाही, चार वेळ. गाडी कुठे जाते हे त्याला कोण सांगतं?"

मी सेट तपासले. दोष नव्हता. "सेटमधून जात नाही ना?" त्यांनी विचारले. "टोन आहे," मी म्हणालो. त्या दिवशी हे मी खोटे म्हणून बोललो नाही; सवयीने बोललो. खोटे बोलणाऱ्याला निदान आपण खोटे बोलतो आहोत याची जाण असते.

"मग माणूसच," भरतभाई म्हणाले. त्यांनी मला एक सेट वेगळा करून मागितला: बोलता न येणारा, फक्त ऐकणारा, केबिनमध्ये ठेवायला. मी करून दिला. बोलायचे बटण निकामी करणे, आवाज टेबलाबाहेर जाणार नाही इतका उतरवणे, दिवा पेटू न देणे, या कामात मी एक दुपार रमलो. आपण कोणाच्या तरी पाठीमागे उभे राहायची जागा तयार करतो आहोत, असे मनात आले नाही. काम सुबक झाले, एवढेच आले.

संशयाचा एक गुण असा, की तो शेजारी बसणाऱ्यालाही लागतो. पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत मीही पाहू लागलो. कोण कोणाशी बोलतो, कोण मला पाहून गप्प होतो. आणि एका दुपारी मला दिसले. बाराच्या सुमारास सुपडू मागच्या कुंपणभिंतीपाशी गेला. इकडेतिकडे पाहिले. हातातली पिशवी भिंतीवरून पलीकडे धरली. पलीकडून एका हाताने ती घेतली आणि कालची रिकामी पिशवी परत दिली.

मी भरतभाईंना जाऊन सांगितले. कोणी विचारले नव्हते.

त्या पिशवीत डबा असे. सुपडूचा मेहुणा, त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ प्रकाश, पलीकडच्या कारखान्यात पॅकिंगला होता, खोलीवर एकटा राहत होता. बहीण त्याला रोज भाकरी आणि काहीतरी तिखट भाजी पाठवी. गेटवरून डबा न्यायचा तर दोन्हीकडच्या वह्यांत नोंद करावी लागे, म्हणून भिंतीवरून. हे चौकशीत पाच मिनिटांत निघाले. पण डब्यातून भाकरी जाते तशी चिठ्ठीही जाऊ शकते, असे भरतभाई म्हणाले, आणि मी मान डोलावली.

त्यांनी सापळा लावला. एका संध्याकाळी सुपडूला केबिनमध्ये बोलावून सांगितले, की उद्या सकाळी एक गाडी अमुक पार्टीला जाणार, कोणाला सांगू नको. अशी गाडी जाणारच नव्हती. सुपडूने कारखान्यात कोणाला सांगितले नाही. फक्त सकाळी आल्यावर, त्याचे कामच ते म्हणून, गेटवर सेटवरून कळवले: अमुक पार्टीची गाडी येईल, माल भरायचा धक्का मोकळा ठेवा.

त्याच सकाळी मी शेजारच्या कारखान्यात होतो, एक बॅटरी बदलून द्यायला. गेटवर तिवारी नावाचे वयस्क रखवालदार होते. खुर्चीत मागे रेलून, डोळे मिटून, एका हातात चहाचा ग्लास आणि दुसऱ्या हातात सेट. अंगठा बाजूच्या बटणावर दाबलेला. आणि सेटमधून आवाज येत होता सुपडूचा. धक्का मोकळा ठेवा.

"तिवारीजी, ये क्या सुन रहे हो?"

"अरे सावेजी, पडोस का समाचार," ते डोळे न उघडता म्हणाले. "दिनभर अकेला बैठता हूँ, मन लगा रहता है. हमारे सेल्सवाले साहब को भी बडा शौक है. रोज आके पूछते हैं, तिवारीजी, आज पडोसी की कौन सी गाडी निकली?"

त्यांच्या मनात काळेबेरे नव्हते. सेटवर एक बटण होते आणि ते दाबले की माणसांचे आवाज येत, एवढेच त्यांना ठाऊक होते. ते बटण मी दिले होते. तो चॅनेलही मी दिला होता.

मी उभ्या उभ्या सगळे समजलो. फाइल, घाई, तुटणारा आवाज, पत्र्याची शेड. पुढची पंधरा मिनिटे मी जितक्या शांतपणे काम केले तितके आजवर कधी केले नसेल. 'सर्व्हिसिंग' म्हणून त्यांचे सगळे सेट मागून घेतले. गेटवरच्या टेबलावर संगणक उघडला. चॅनेल बदलला. बाजूचे बटण निकामी केले. जुनी फाइल पुसली. तिवारीजींना सेट परत दिला तेव्हा त्यांनी सवयीने अंगठा दाबला, सेट कानाशी नेला, हलवला. "ये तो गूँगा हो गया." मी म्हणालो, "नया सेटिंग है."

मनाशी ठरवले होते, की आधी गळती बंद करू आणि मग पलीकडे जाऊन सांगू. क्रम असाच असावा असे तेव्हा वाटले. पण क्रम असा लावला, की सांगायच्या आधी पुरावा नाहीसा झाला. मी तसा तो मुद्दाम लावला का, हे मी स्वतःला फार वेळा विचारले आहे. उत्तर दर वेळी वेगळे येते, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर दर वेळी वेगळे येते त्यात आपला दोष असतो, असे मी आता धरून चालतो.

दुपारी भरतभाईंनी बोलावले. केबिनमध्ये सुपडू उभा होता. ज्या पार्टीचे नाव सापळ्यात घातले होते तिला शेजाऱ्यांचा फोन गेला होता.

"ही गोष्ट मी एका माणसाला सांगितली," भरतभाई म्हणाले. "एकाच."

"मी कोनाला नाही सांगितलं, साहेब. गेटवर सेटानं सांगितलं तेवढंच. ते तर रोजचंच काम हाय." मग तो माझ्याकडे वळला. मला पाहून त्याला धीर आला, हे मला दिसले. "सावेभाऊ, तुम्ही सांगा ना भो. सेटातलं बोलनं बाहेर जातं का?"

त्या वेळी खिडकीतून पलीकडच्या कारखान्याचे गेट दिसत होते. मी एक वाक्य बोललो असतो तर पुरे होते. दोन्ही कारखाने माझ्या हातून गेले असते. वसाहतभर झाले असते, की सावे एका गिऱ्हाइकाची फाइल दुसऱ्याला चिकटवतो. एवढेच माझे जाणार होते. त्याचे काय जाणार, ते समोर उभे होते.

मी म्हणालो, "सेटमध्ये काही दोष नाही."

हे वाक्य शब्दशः खरे आहे. मी ते तसे घडवले होते. सेट निर्दोष होते. दोष भरणाऱ्याचा होता. सराफाने तांब्यावर मुलामा चढवावा तसे मी त्या खोटेपणावर खरे चढवले, आणि सुपडूने ते खरे म्हणून घेतले. तो भरतभाईंशी पुढे भांडला नाही. तो जमिनीकडे पाहून विचार करू लागला. मग अगदी हळू, स्वतःशी म्हणाला:

"सेटातनं गेलं नाही, म्हंजे घरातनं गेलं."

मला नंतर कळले. आदल्या रात्री घरी जेवताना त्याने बायकोला सांगितले होते, की उद्या अमुक पार्टीची गाडी आहे, लवकर जायचे आहे. जेवायला प्रकाश होता.

सुपडूची नोकरी त्या दिवशी गेली. कारखान्याची खोली महिनाअखेर सुटली. पण खरी मोडतोड दुसरीकडे झाली. त्याच संध्याकाळी त्याने प्रकाशला गेटाबाहेर गाठले आणि चार लोकांत विचारले, "माह्या ताटात जेवून माह्यावरच उलटला?" प्रकाश शपथा घेत राहिला. त्याने मानले नाही. माझ्या वाक्यानंतर त्याला संशय घ्यायला दुसरे कोणी उरलेच नव्हते.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी जातात. झोक्यावर बसून गाणी म्हणतात. सुपडूच्या बायकोला, शोभाला, न्यायला दर वर्षी प्रकाश येई. त्या वर्षीपासून तो आला नाही, आणि आला असता तरी सुपडूने तिला पाठवले नसते. सहा आखाज्या गेल्या.

हे सगळे मला लोकांकडून तुकड्यातुकड्याने कळत राहिले. सुपडू गलोंडा रस्त्यावरच्या वजनकाट्यावर कामाला लागला होता, त्या दोन कारखान्यांपासून जेमतेम तीनशे पावलांवर; प्रकाश अजून पलीकडच्या कारखान्यातच होता. मी त्या रस्त्याने जाणे सोडले. लांबच्या वाटेने जाई. बायकोने एकदा विचारले, "हा वळसा कशाला?" मी म्हणालो, "इकडचा रस्ता चांगला आहे." तो चांगला नव्हता.

यंदा वजनकाट्याच्या मालकाचा फोन आला. दोन सेट हवेत. एक केबिनमध्ये, एक बाहेर ट्रक लावणाऱ्या माणसाकडे. "आमच्या माणसाने तुमचंच नाव सांगितलं," ते म्हणाले. "म्हणाला, दुसऱ्याकडून घेऊ नका."

मी गेलो. दार सुपडूने उघडले. केस पांढरे झाले होते; चष्मा आला होता.

"या सावेभाऊ, या. किती वर्षांनी! बसा, चहा सांगतो." मालक कोपऱ्यात हिशेब पाहत होते, त्यांच्याकडे वळून तो म्हणाला, "शेठ, हा मानूस लई सरळ. मागं माह्यावर बिलामत आली ना, तवा ह्यांना मी इचारलं. माह्याविरुद्ध जात होतं, तरी खरं ते बोलले. असा मानूस भेटत नाही भो."

मालक थोड्या वेळाने निघून गेले. मी केबल जोडली. पहिल्या सेटमध्ये चॅनेल भरला. हात चालत होते; डोळ्यांना आकडे दिसत नव्हते. सुपडू खुर्ची पुढे ओढून बसला. आवाज उतरवला.

"सावेभाऊ, ह्यातलं कोनी ऐकतं का?"

अठ्ठावीस वर्षांत मी त्या प्रश्नाला पहिल्यांदा जे उत्तर दिले, ते असे: "हो. ज्याच्याकडे असा सेट आहे आणि जो बाजूचे बटण दाबील, त्याला सगळे ऐकू येते. तेव्हाही येत होते."

मग मी बाकीचे सांगितले. फाइल, दसरा, तिवारीजींचा अंगठा, मी पुसलेली खूण. काही गाळले नाही. पिशवीची चुगली मी केली, तेही सांगितले. ते त्याला ठाऊक नव्हते.

बाहेर ट्रकने हॉर्न दिला. तो उठला, खिडकीतून गाडी सरळ आहे का पाहिले, वजन घेतले, चिठ्ठी छापून ड्रायव्हरला दिली. परत येऊन बसला. चष्मा काढून हातात धरला.

"मंग प्रकाश?"

"प्रकाशने काही केले नव्हते."

"त्यानं आईची शपथ घेतली होती," तो म्हणाला. "गेटावर. मी त्याला म्हनलं, आईला मधी आनू नको."

मी क्षमा मागितली. शब्द जुळवून ठेवलेले होते, अनेक वर्षे. ते सगळे बोललो. त्याने हात वर करून थांबवले, रागाने नाही, ट्रकला थांबवतो तसे. खिशातून मोबाइल काढला आणि घरी लावला.

"शोभा. उद्या डबा दोन कर... नाही, पाहुना नाही. प्रकाशसाठी... हो. त्याच्याचसाठी... तू आधी रडू नको, ऐक. मी घरी आल्यावर सांगतो."

फोन ठेवला. मला वाटले आता तो मला जा म्हणेल. त्याने टेबलावरचा दुसरा, अजून न भरलेला सेट उचलून माझ्यापुढे ठेवला.

"हा पन चालू करा."

मी केला. एक त्याने स्वतःकडे घेतला, एक मला दिला.

"आता भरतभाईकडे जा. आत्ता. मला सांगितलं ते सगळं त्याला सांगा."

"जातो," मी म्हणालो.

"तुम्ही म्हनता जातो," तो म्हणाला. माझ्याकडे पाहण्याची त्याची नजर पहिल्यांदा बदलली होती. मी सहा वर्षे जी टाळत होतो तीच ती नजर. भरतभाई खांद्यावरून पाहत तशी नाही. सरळ डोळ्यांत, पण तपासणारी. "पन मला आता भरोसा नाही. तुम्ही आत जाऊन काय बोलाल आनि बाहेर येऊन मला काय सांगाल. म्हनून बोलायचं बटन दाबून धरा, सावेभाऊ. मी इथून ऐकतो."

मी सेटकडे पाहिले. साठ सेकंदांनंतर तो तोंड मिटणार होता. माझी कहाणी साठ सेकंदांत मावणारी नव्हती, आणि मध्येच आवाज तुटला असता तर सुपडूने काय समजायचे, हेही मला ठाऊक होते. मी सेट पुन्हा केबलला जोडला, तो वेळेचा खाना उघडला आणि मर्यादा काढून टाकली. त्याला स्क्रीन दाखवली. त्याने चष्मा लावून वाचले, मान हलवली.

तीनशे पावले मी चालत गेलो. कारखान्याच्या गेटमध्ये शिरतानाच बटण दाबले. अर्धा सेकंद थांबलो. मग म्हणालो, "सुपडू, आत जातो आहे." त्याचे उत्तर येणे शक्य नव्हते. जो बोलत असतो त्याला ऐकू येत नाही.

भरतभाई त्याच केबिनमध्ये होते, थोडे जाड झालेले. टेबलाच्या कोपऱ्यावर मी बनवलेला तो मुका सेट धूळ खात पडला होता. त्यांनी खुर्ची दाखवली. मी उभाच राहिलो. त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली, पांढऱ्या पडलेल्या अंगठ्याकडे.

"काय सावेभाई, बटण का धरलंय?"

"सुपडू ऐकतो आहे," मी म्हणालो, आणि सांगायला लागलो.